दिवसाला साडेसातशे

२०२३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या सॉमरसेट परगण्यात चार मैलांचा एक प्रवास सुमारे सहा तासांत पुरा झाला, आणि त्याची छायाचित्रे त्या देशातील वृत्तपत्रांनी मोठ्या कौतुकाने छापली. मुंबई–गोवा महामार्गाने गणपतीस गावी जाणाऱ्या आपल्याकडील चाकरमान्यास या वेगात नवल वाटण्याजोगे काही दिसणार नाही; परंतु तेथील प्रवासी माणूस नव्हता, ५०० टन वजनाचे आणि १३ मीटर लांबीचे पोलादी पात्र होते. हिंक्ली पॉइंट येथे उभ्या राहत असलेल्या अणुविद्युत केंद्राची ती पहिली अणुभट्टी. फ्रान्समधील फ्रामातोम कंपनीच्या कारखान्यात घडलेले हे पात्र समुद्रमार्गे एव्हनमथच्या गोदीत आले, तेथे बार्जवर चढले, पॅरेट नदीच्या मुखातून कॉम्बिच नावाच्या खेड्याच्या धक्क्यास लागले, आणि तेथून असंख्य चाकांच्या वाहनावर, माणसाच्या चालीहूनही मंद गतीने, उरलेली चार मैलांची वाट चालून मुक्कामास पोचले.

देवाची पालखी पाहावी तसे लोक तो सोहळा पाहावयास रस्त्याच्या कडेला उभे राहिले असतील, तर त्यात वावगे काही नाही. माझे कुतूहल मात्र त्या एका वाहनापाशी थांबले नाही. ते गुंतले त्याच रस्त्याने त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर, छायाचित्रावाचून आणि टाळ्यांवाचून, वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या इतर मालमोटारींत. कारण खेड्याजवळ वीजकेंद्र येते तेव्हा खेडुताची त्याच्याशी पहिली ओळख विजेमुळे होत नाही, किरणोत्सर्गाच्या भयामुळेही होत नाही, ती होते दारावरून जाणाऱ्या ट्रकमुळे. वीज पुढे दहा-पंधरा वर्षांनी निघते आणि ती दूरच्या शहरांना जाते. ट्रक उद्या सकाळी येतो आणि तो दारावरूनच जातो.

हिंक्ली पॉइंटचा भूगोल या दृष्टीने मोठा अडचणीचा आहे. ब्रिस्टलच्या खाडीवर, ब्रिजवॉटर या मध्यम गावाच्या वायव्येस, जेथे जमीन संपते आणि चिखलाचा किनारा सुरू होतो, तेथे हे स्थळ आहे. अणुकेंद्र तेथे नवे नव्हे. पहिले केंद्र १९६५ मध्ये सुरू झाले, दुसरे १९७६ मध्ये, आणि ते दुसरेही २०२२ च्या ऑगस्टात बंद झाले. परंतु ती दोन्ही आटोपशीर होती. तिसरे, म्हणजे फ्रेंच सरकारच्या मालकीची ईडीएफ कंपनी बांधत असलेले, दोन अणुभट्ट्यांचे आणि सुमारे ३२०० मेगावॅटचे केंद्र, हे एक स्वतंत्र नगर वसवावे अशा मापाचे काम आहे. त्यास सुमारे ३० लक्ष टन काँक्रीट आणि २ लक्ष ३० हजार टन पोलाद लागावयाचे. पहिल्या अणुभट्टीच्या पायाचा शेवटचा थर २०१९ च्या जूनमध्ये ओतला गेला तेव्हा त्या एकाच थरात ९००० घनमीटर काँक्रीट गेले. आणि हे सर्व सामान जेथून यावयाचे तो द्रुतगती महामार्ग, एम ५, ब्रिजवॉटरच्या पूर्वेस, केंद्र पश्चिमेस, मध्ये ते गाव, त्यापुढे कॅनिंग्टन नावाचे सुखवस्तू खेडे, आणि कॅनिंग्टनपासून समुद्रापर्यंत सी १८२ या क्रमांकाने दप्तरी नोंदलेला, कुंपणांच्या झुडुपांमधून वळणे घेत जाणारा, एक शेतरस्त्याचा थोरला भाऊ.

या परिसराचा आमच्या पिढीच्या इंग्रजी शिकलेल्यांशी एक जुना, पाठ्यपुस्तकी ऋणानुबंध आहे. कॅनिंग्टनहून पश्चिमेस जाणाऱ्या ए ३९ या हमरस्त्यावर नेदर स्टोवी हे खेडे लागते. तेथे १७९७ च्या सुमारास कोलरिज राहत होता आणि वर्ड्स्वर्थ त्याचा शेजार शोधीत जवळच येऊन राहिला होता. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेले की पोर्लॉक. ‘कुब्ला खान’ लिहीत असता पोर्लॉकहून कोणी गृहस्थ कामानिमित्त आला, त्याने तासभर खोळंबा केला आणि कविता कायमची अपुरी राहिली, अशी कैफियत कोलरिजने स्वतःच देऊन ठेवली आहे. एका पाहुण्याने हा अनर्थ केला. त्या रस्त्याच्या कडेला आज कोणी कवी राहत असेल तर त्याचे काय होत असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कवीचे राहो, शेतकरी, शाळेत जाणारी मुले, रुग्णवाहिका आणि दुधाच्या गाड्या यांचे काय, हा प्रश्न सॉमरसेटच्या ग्रामसमित्यांनी आरंभीच विचारला. इंग्लंडमध्ये अशा प्रचंड कामांची परवानगी २००८ च्या एका कायद्यान्वये मिळते. कंपनीने दरखास्त द्यावयाची, परीक्षकांनी सुनावणी घ्यावयाची, आणि शेवटी मंत्र्याने हुकूम काढावयाचा. तो हुकूम म्हणजे नुसती संमती नव्हे, तर कलमवार शर्तींचा दस्तऐवज असतो आणि त्यातील शर्त मोडणे हा गुन्हा ठरतो. हिंक्लीची दरखास्त २०११ च्या ऑक्टोबरात दाखल झाली आणि ऊर्जामंत्री एड डेव्ही यांनी १९ मार्च २०१३ रोजी तिला मंजुरी दिली. त्या शर्तींच्या आणि त्यांसोबत स्थानिक संस्थांशी झालेल्या करारनाम्यांच्या ढिगाऱ्यात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असेल, तर ती एक संख्या: साडेसातशे.

अवजड मालमोटारींच्या फेऱ्या दिवसाला ७५० हून अधिक होता कामा नयेत, आणि तिमाहीची सरासरी दिवसाला ५०० च्या वर जाता कामा नये, असे ते बंधन. यातील ‘फेरी’ हा शब्द नीट वाचण्याजोगा आहे. एक मालमोटार आत गेली ही एक फेरी, ती बाहेर आली ही दुसरी. तेव्हा साडेसातशे फेऱ्या म्हणजे पावणेचारशे मालमोटारी. कंपनी बोलताना मोटारी सांगते, रस्त्यालगत राहणारा फेऱ्या मोजतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात. आपल्याकडे एखादा अधिकारी ‘रोज शंभर गाड्या येतील’ असे ग्रामसभेत सांगून जातो तेव्हा, साहेब, त्या परत जाणार की तिथेच राहणार, हे विचारावयाचे कोणाच्या ध्यानात येत नाही. आता हिशेब करा. साडेसातशे फेऱ्या बारा तासांवर समप्रमाणात वाटल्या तर मिनिटाला एकीहून किंचित अधिक पडतात. म्हणजे जी कमाल मर्यादा गावाच्या संरक्षणार्थ घातली गेली, तीदेखील गावाच्या कानास काही कमी नाही. दुहेरी बंधनाचे मर्म येथेच आहे. नुसती दैनिक मर्यादा घातली असती तर कंत्राटदाराने रोज तिच्या काठोकाठ गाड्या लोटल्या असत्या. नुसती सरासरी घातली असती तर काँक्रीटच्या आठवड्यात हजार गाड्या सोडून पावसाळी दिवसांत त्याची भरपाई दाखविली असती. एक बंधन दिवसास आवरते, दुसरे ऋतूस. ज्याने हा मसुदा लिहिला त्यास कंत्राटदाराच्या स्वभावाचे ज्ञान चांगले होते.

परंतु संख्या कागदावर राहते. ती रस्त्यावर आणावयास यंत्रणा लागते. येथे महामार्गाच्या २३ आणि २४ क्रमांकांच्या फाट्यांवर मालमोटारींचे दोन थांबे उभारले गेले. प्रत्येक गाडीने अगोदर वेळ राखून ठेवावयाची, फाट्यावरील थांब्यावर येऊन हजेरी द्यावयाची, केंद्रावर जागा मोकळी झाली की तेथून सुटावयाचे, आणि ठरवून दिलेल्या दोन मार्गांपैकी एकानेच जावयाचे. वाटेत नंबरपाट्या वाचणारे कॅमेरे आहेत. अधल्यामधल्या खेड्यांच्या गल्ल्यांतून आडवाट काढणारा चालक त्यांत सापडतो. आपल्या जुन्या घाटांवरील जकातनाक्याचीच ही विसाव्या शतकानंतरची आवृत्ती म्हणावी, फरक इतकाच की नाक्यावर पैसा घेत असत, येथे वेळ घेतात. याचा खरा उपयोग मात्र गाड्या अडविण्यापेक्षा जबाबदारी अडविण्यात आहे.

हे मी का म्हणतो ते सांगावयास थोडे आडवळण घेतले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात, एका औष्णिक केंद्राची उभारणी चालू असता, त्याजवळच्या एका गावी माझा काही दिवस मुक्काम होता. वाण्याने गुळाच्या ढेपांवर गोणपाट टाकले होते, शाळेच्या खिडक्या भर उन्हाळ्यात बंद असत, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर भिंतीतून ट्रकचा कंप पाठीस जाणवे. गावचे सरपंच, धोतर-टोपीतले शांत गृहस्थ, तक्रार घेऊन तीन कचेऱ्यांत गेले. एका कचेरीने सांगितले की रस्ता आमचा पण ट्रक आमचा नाही. दुसरीने सांगितले की केंद्र आमचे पण माल पुरविणारा कंत्राटदार आहे. आणि कंत्राटदाराने सांगितले की गाड्या आपण पोटकंत्राटदाराकडून भाड्याने घेतल्या आहेत. सरपंच परत येऊन मला म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, एवढा मोठा ट्रक, पण तो कुणाचाच नाही बघा.’’ हिंक्लीच्या हुकुमाचे सार असे की तेथे प्रत्येक ट्रक कोणाचा तरी आहे. वाळू आणणारा असो, खिळे आणणारा असो, गाडीचा मालक कोणीही असो, मोजणीत ती केंद्राचीच धरली जाते.

रस्त्यांविषयी बोलावयाचे तर कॅनिंग्टनला वळसा घालणारा नवा रस्ता कंपनीने आपल्या खर्चाने बांधला, आणि तो केंद्राच्या मुख्य कामाच्या भरापूर्वी वाहतुकीस खुला झाला. या क्रमाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. रस्ता आधी आणि ट्रक मागून, हे वाक्य उच्चारावयास सोपे आहे, पण जगातील बहुतेक केंद्रांच्या बाबतीत ट्रक आधी येतो, जुन्या रस्त्याची चाळण होते, आणि मग नव्या रस्त्याचे भूमिपूजन होते. तथापि कॅनिंग्टनकरांचे समाधान झाले असे समजू नये. त्यांची आणि आसपासच्या कित्येकांची मागणी निराळीच होती: महामार्गापासून ब्रिजवॉटर गावाच्याही उत्तरेकडून थेट कॉम्बिचच्या दिशेने एक स्वतंत्र मार्ग काढावा, म्हणजे खेडे आणि शहर दोन्ही मोकळी राहतील, अशी. ती मान्य झाली नाही. म्हणून मालमोटारींचे दोन्ही ठराविक मार्ग आजही ब्रिजवॉटरच्या वस्तीस चाटून जातात. खेड्याने आपल्या दारातील गाडी शेजारच्या शहराच्या दारात नेऊन सोडली असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोटे नाही.

रस्त्यावरून जे नेता येत नाही किंवा नेऊ नये, त्यासाठी समुद्र होता. खडी आणि वाळू यांचा मोठा हिस्सा, निदान ८० टक्के, जलमार्गाने यावा अशी योजना करून केंद्राच्या किनाऱ्यापासून ५०० मीटर आत जाणारा तात्पुरता धक्का बांधला गेला. ब्रिस्टलच्या खाडीतील भरती-ओहोटीची तफावत जगात अतिशय मोठ्यांपैकी आहे, तेव्हा तेथे जहाज लावणे म्हणजे घड्याळ आणि चंद्र या दोघांची मर्जी सांभाळणे होय. कॉम्बिचचा जुना धक्काही अशाच अवजड, तुकडे न करता येणाऱ्या सामानासाठी सज्ज करण्यात आला. आणि जे कोणत्याच मार्गाने येण्याजोगे नव्हते, ते जागेवरच घडविले गेले: पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीचा २४५ टनांचा पोलादी घुमट तुकड्यातुकड्यांनी तेथेच जोडून २०२३ च्या डिसेंबरात एका महाकाय यारीने उचलून बसविला. ती यारी मात्र सुटी करून, बेल्जियमहून २८० खेपांत आली होती. ओझे उचलणाऱ्याचेही ओझे असते!

मालाहून माणसे मोजावयास कठीण. ट्रकला क्रमांक असतो, वेळ ठरवून देता येते; मजुराला घर असते, उशीर असतो आणि स्वतःची मोटार असते. दरखास्तीत उभारणीच्या ऐन भरात ५६०० माणसे कामावर असतील असा अंदाज होता. ती सारी आपापल्या मोटारींनी आली असती तर सी १८२ वर श्वास घ्यावयास जागा उरली नसती. म्हणून केंद्रावर मोटारी ठेवण्याची मुभा अगदी मोजक्यांना, आणि बाकीच्यांनी वाहनतळांवर मोटार ठेवून कंपनीच्या बसने जावयाचे, असा दंडक ठरला. कामगारांसाठी ब्रिजवॉटरमध्ये आणि केंद्राजवळ वसतिगृहेही बांधली गेली. दंडक चांगला, पण माणूस हिकमती. वाहनतळापर्यंत जाण्याचे टाळण्यासाठी काहींनी बसथांब्याजवळच्या रहिवासी गल्ल्यांत मोटारी लावण्यास प्रारंभ केला, आणि पहाटे दिव्यांच्या झोतांनी व दारांच्या खडखडाटाने जागे झालेले गृहस्थ तक्रारी लिहू लागले. अशा चोरट्या वाहनतळाला तेथील बोलीत नवे नावही मिळाले. कंपनीस त्या गल्ल्यांत पहारे ठेवावे लागले. कोणत्याही अणुतज्ज्ञाच्या स्वप्नात हे काम आले नसेल. पण शेजारधर्म नावाची वस्तू बहुधा अशाच क्षुद्र ठिकाणी टिकते किंवा मोडते.

येथवर मी गुण गायिले, आता उणे. संख्येचे बंधन पाळले जाईल, पण बंधन किती वर्षे सोसावयाचे याची संख्या कोणत्याही हुकुमात पक्की नसते. २०१६ च्या सप्टेंबरात करारावर सह्या झाल्या तेव्हा २०२५ मध्ये वीज निघावयाची होती. २०२४ च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केले की पहिली अणुभट्टी २०२९ ते २०३१ यांच्या दरम्यान चालू होईल. खर्च, २०१५ च्या किमतीत, १८०० कोटी पौंडांवरून ३१०० ते ३५०० कोटींपर्यंत गेला. कामगारांचा अंदाजही ५६०० वरून साडेआठ हजारांच्या घरात चढला. वर्तमानपत्रांनी पौंडांचा तोटा छापला. ज्या मुलाने कॅनिंग्टनच्या शाळेत पाऊल टाकले तेव्हा ट्रक सुरू झाले, तो कॉलेजात गेला तरी ट्रक चालूच आहेत, हा तोटा कोणत्या ताळेबंदात धरावयाचा, याचे उत्तर त्या उत्तम हुकुमातही मला आढळले नाही. शर्तींत दिवस आहे, तिमाही आहे, आयुष्य नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यात, याच नमुन्याचे दुसरे केंद्र, साइझवेल सी, आता उभे राहू लागले आहे. त्यास २०२२ च्या जुलैत परवानगी आणि २०२५ च्या जुलैत अखेरची आर्थिक संमती मिळाली. तेथे दोन गावांना वळसा, नवा जोडरस्ता, रेल्वेच्या फाट्याची दुरुस्ती, उत्तरेस व दक्षिणेस एकेक वाहनतळ, आणि निदान ६० टक्के माल रेल्वेने वा समुद्राने आणण्याची तजवीज, असा हिंक्लीचा धडा गिरविलेला दिसतो. तरी जोडरस्ता बांधून होईपर्यंतची पहिली काही वर्षे बी ११२२ या जुन्या अरुंद रस्त्यावरच गाड्या यावयाच्या, आणि त्या रस्त्यावरील थेबर्टन व मिडल्टन येथील लोकांचा सारा आक्षेप नेमक्या त्या ‘पहिल्या काही वर्षां’वर होता. रस्ता आधी की ट्रक आधी, हा झगडा तेथेही सुटला नाही. त्याची मुदत मात्र लहान झाली.

आपल्या मुलखात हा झगडा शंभर वर्षांचा जुना आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीचे धरण होऊ लागले तेव्हा मावळकरांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. त्याच्या अखेरीस, १९२४ च्या डिसेंबरात, सेनापती बापटांनी प्रकल्पाच्या कामावरची आगगाडी अडविली आणि त्यासाठी सात वर्षांची सजा भोगली. धरणाची भिंत अडविता येत नाही, लंडन-मुंबईतील भागधारक अडविता येत नाहीत. हाताशी येते ती गाडी. सॉमरसेटमधील शर्तींचा तो सारा खटाटोप म्हणजे, गाडी अडविण्याची पाळी येऊ नये म्हणून तिची आगाऊ मोजणी करून ठेवणे होय, असे मला वाटते.

हे सारे आज लिहिण्याचे कारण राजापूर तालुक्यात आहे. माडबनच्या सड्यावर जैतापूर प्रकल्पाच्या नावाने ज्या सहा अणुभट्ट्या योजिल्या आहेत, त्या हिंक्लीच्याच जातीच्या, त्याच फ्रेंच कंपनीने देऊ केलेल्या, प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या आहेत; मिळून ९९०० मेगावॅट. हिंक्लीत अशा दोन. म्हणजे पोलादाच्या त्या पात्रासारखी सहा पात्रे, आणि काँक्रीटचा तो डोंगर ढोबळमानाने तिप्पट. जमीन, मासळी, भूकंप, किरणोत्सर्ग, या प्रश्नांवर तेथे पुष्कळ बोलले गेले आहे, रक्तही सांडले आहे, आणि ते प्रश्न थोर आहेत यात वाद नाही; प्रकल्प व्हावा की न व्हावा हेही येथे मी ठरवीत नाही. पण तो झालाच, तर जांभ्याच्या चढउतारांवरून, एकमेकांस वाट देताना एस.टी.ची चाके कडेच्या गटारात उतरतात अशा रस्त्यांवरून, आंब्याच्या पेट्यांच्या ऐन हंगामात आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत, दिवसाला किती फेऱ्या होणार, हे कोणी सांगावयाचे? ज्या महामार्गावरून हा माल यावयाचा त्याच्या चौपदरीकरणास २०११ मध्ये आरंभ झाला आणि ते काम अजून रेंगाळते आहे.

तेव्हा राजापूरकडील वाचकांस एक विनंती. पुढील जनसुनावणीस जाल तेव्हा इतर प्रश्न विचाराच. पण त्यांच्या बरोबरीने हेही विचारा की गाड्या किती आणि फेऱ्या किती, दिवसाच्या किती आणि तिमाहीच्या किती, कोणत्या रस्त्याने, कोणत्या वर्षापर्यंत, आणि रस्ता आधी की ट्रक आधी. उत्तर तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात आकड्यांत लिहून घ्या, आणि त्याखाली सही कोणाची आहे ते वाचून पाहा.